पाठीराख्यांच्या पिढ्या : बॉस्टन सेल्टिक्सच्या प्रेक्षकवर्गाचा एक विचार

‘पिढी’ हा शब्द समीक्षेत जितक्या सहजपणे योजला जातो, तितक्या सहजपणे त्याचा अर्थ निश्चित करता येत नाही. वाङ्मयाच्या इतिहासात पिढ्यांची मांडणी लेखकांच्या अनुषंगाने होते. वाचकांच्या वा प्रेक्षकांच्या पिढ्यांचा विचार सहसा होत नाही. याचे कारण उघड आहे. लेखक आपल्यामागे ग्रंथ ठेवून जातो. रसिक बहुधा काहीच ठेवून जात नाही. त्याची अभिरुची कशी घडली, कोणत्या वयात पक्की झाली, पुढे ती बदलली की नाही, हे सारे त्याच्याबरोबरच नाहीसे होते. म्हणून ज्या ठिकाणी आस्वादकांच्या तीन-चार पिढ्या एकाच आस्वादविषयाभोवती पाऊण शतकाहून अधिक काळ सलग गोळा झालेल्या दिसतात, आणि त्यांच्या आवडीनिवडींची नोंद ग्रंथ, आत्मचरित्रे, ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांत उरलेली असते, त्या ठिकाणी अभिरुचीच्या अभ्यासकाला दुर्मिळ सामग्री हाती लागते. अमेरिकेतील बॉस्टन शहराचा ‘सेल्टिक्स’ हा व्यावसायिक बास्केटबॉल संघ आणि त्याचे पाठीराखे हे अशा सामग्रीचे एक उत्तम उदाहरण होय.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने स्प्रिंगफील्ड येथे सिद्ध केला. हे गाव बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातले. वाय. एम. सी. ए. या संस्थेमार्फत तो भारतातही आला. परंतु मराठी वाचकाला तो मुख्यतः शाळा-महाविद्यालयांच्या आणि नागपाड्यासारख्या वस्त्यांतील मैदानांवरचा हौशी खेळ म्हणून परिचित आहे. अमेरिकेत मात्र तो एक मोठा व्यवसाय आहे, आणि नाटक मंडळीभोवती जसा प्रेक्षकवर्ग जमतो व तिच्या गुणदोषांची चर्चा घराघरांत करतो, तसा प्रत्येक संघाभोवती त्याचा प्रेक्षकवर्ग असतो. सेल्टिक्स संघ १९४६ मध्ये स्थापन झाला. १९५७ ते २०२४ या काळात त्याने १८ विजेतेपदे मिळविली, व त्या प्रत्येकाची पताका सभागृहाच्या छताला टांगलेली आहे. या पताकांखाली बसणाऱ्या प्रेक्षकांमध्ये तीन पिढ्या आहेत असे सामान्यतः मानले जाते : बिल रसेल या खेळाडूच्या काळातील पहिली, लॅरी बर्ड याच्या काळातील दुसरी, आणि एकविसाव्या शतकातील तिसरी. पहिलीला बचावाचे व संघभावनेचे अगत्य. दुसरीला चेंडू एकमेकांकडे देण्यातील चातुर्याचे. तिसरी आकड्यांवर विश्वास ठेवणारी. वृद्ध म्हणतात की आजचे खेळाडू नुसते दुरून चेंडू फेकतात. तरुण म्हणतात की १९५७ च्या सुमारास स्पर्धेत अवघे आठ संघ होते, तेव्हाच्या विजेतेपदांची मातब्बरी ती काय?

हे वर्णन खोटे नाही. परंतु ते फार वरवरचे आहे. त्यात वयाचा भेद हाच अभिरुचीचा भेद मानला गेला आहे, आणि त्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली अशी की, ज्या पिढीचा वारसा सर्वांत थोर म्हणून सांगितला जातो तिने तो वारसा स्वतः फारसा जपला नव्हता. दुसरी अशी की, या शहरातील खरी दरी दोन पिढ्यांच्या मधोमध नसून एकाच पिढीच्या पोटात होती.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये पिढ्यांच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध येथे उपयोगी पडतो. मानहाइमच्या मते एकाच काळी जन्मलेली माणसे केवळ तेवढ्यानेच एक पिढी ठरत नाहीत. समान काळात जन्मणे ही केवळ एक शक्यता. त्या काळाच्या घडामोडींत समान रीतीने ओढले जाणे ही खरी पिढी. आणि त्या घडामोडींना भिन्न, प्रसंगी परस्परविरोधी, प्रतिसाद देणारे गट हे त्या पिढीचे घटक. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे जर्मनीतील परंपरानिष्ठ तरुण व उदारमतवादी तरुण हे त्याच्या दृष्टीने एकाच पिढीचे दोन घटक होते. त्याचा दुसरा सिद्धांतही महत्त्वाचा आहे. अनुभव मनात नुसते साठत नाहीत, ते थराथरांनी रचले जातात, आणि तारुण्याच्या उंबरठ्यावरचा थर तळाशी बसतो. पुढचा प्रत्येक अनुभव त्या थराच्या पुष्टीसाठी किंवा त्याच्या विरोधात अर्थ धारण करतो. क्रीडारसिकाच्या बाबतीत हे अगदी सहज पटते. ज्या संघाबरोबर तो प्रथम हरला व जिंकला, तोच संघ त्याच्या दृष्टीने ‘संघ’ असतो. बाकीचे सारे त्या संघाच्या जवळ किंवा दूर.

रसेल १९५६ मध्ये बॉस्टनला आला आणि १९६९ मध्ये निवृत्त झाला. या १३ हंगामांत संघाने ११ वेळा विजेतेपद मिळविले. त्यांपैकी १९५९ ते १९६६ ही आठ ओळीने. अशी कामगिरी या स्पर्धेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावे नाही. त्या काळी संघाचे घर असलेल्या ‘बॉस्टन गार्डन’ सभागृहात बास्केटबॉलसाठी १३,९०९ प्रेक्षकांची सोय होती. तथापि नित्याच्या साखळी सामन्यांना ते क्वचितच भरे. याच इमारतीत बर्फावरील हॉकीचा ‘ब्रुइन्स’ संघ खेळत असे. १९६० ते १९६७ या काळात तो संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही, तरी त्याच्या सामन्यांना गर्दी अधिक होत असे. जिंकणाऱ्यांकडे पाठ आणि हरणाऱ्यांची पाठराखण, असा हा विचित्र प्रकार होता. बास्केटबॉलपेक्षा हॉकीची परंपरा या शहरात जुनी होती, हे त्याचे एक कारण खरे. परंतु तेवढेच कारण पुरे पडत नाही.

या संघाने १९५० मध्ये चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली. स्पर्धेतील कोणत्याही संघाने खेळाडूंच्या वार्षिक निवडीत निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय होय. १९६४ च्या डिसेंबरात याच संघाने सामन्याच्या आरंभी पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरविले. तेही स्पर्धेत प्रथमच. १९६६ मध्ये रसेलकडे प्रशिक्षकपद आले, आणि अमेरिकेतील या प्रमुख स्पर्धेत तोवर कोणत्याही कृष्णवर्णीयाला ते मिळाले नव्हते. म्हणजे संघ आपल्या शहराच्या फार पुढे चालला होता. शहर त्याच्यामागे चालत नव्हते. रसेलच्या रेडिंग या उपनगरातील घरात शिरून काही जणांनी त्याच्या चषकांची मोडतोड केली, भिंतींवर शिव्या लिहिल्या व अंथरुणात घाण केली. त्याच्या मुलीने पुढे १९८७ मध्ये एका लेखात ही हकिकत प्रसिद्ध केली. रसेल प्रेक्षकांना स्वाक्षरी देत नसे. आपण सेल्टिक्ससाठी खेळतो, बॉस्टनसाठी नव्हे, असा भेद तो उघडपणे करीत असे. प्रेक्षकांनी त्याला गर्विष्ठ ठरविले.

दोन निरोपांची तुलना केली म्हणजे या पहिल्या पिढीचे अंतरंग स्पष्ट होते. बॉब कूझी हा रसेलचा श्वेतवर्णीय सहकारी. जवळच्याच वूस्टर गावच्या महाविद्यालयातून आलेला, चेंडू खेळविण्यातील हातचलाखीमुळे लोकांच्या गळ्यातील ताईत झालेला. १७ मार्च १९६३ रोजी त्याचा निरोपसमारंभ झाला, तेव्हा सभागृह काठोकाठ भरले होते. कूझीला रडू आवरेना, शब्द फुटेना. त्या शांततेत वरच्या सज्जातून कोणा प्रेक्षकाने ओरडून सर्वांचे प्रेम बोलून दाखविले, आणि ती हाक बॉस्टनच्या क्रीडास्मृतीत कायमची राहिली. याउलट, १२ मार्च १९७२ रोजी रसेलचा सहा हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आला, तेव्हा सभागृहाची दारे प्रेक्षकांसाठी अजून उघडलेली नव्हती. समोर केवळ जुने सहकारी होते. तशी रसेलचीच इच्छा होती. एका खेळाडूच्या निरोपाला प्रेक्षकांच्या हाकेने पूर्णता आली. दुसऱ्याच्या सन्मानाला प्रेक्षकांच्या अनुपस्थितीने.

मग ‘रसेलची पिढी’ म्हणून जिचा उल्लेख होतो ती कोणती? तिच्यातील बराच भाग पाहणारा नव्हताच, तो ऐकणारा होता. जॉनी मोस्ट या समालोचकाने १९५३ पासून १९९० पर्यंत नभोवाणीवर संघाच्या सामन्यांचे धावते वर्णन केले. १५ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात अखेरच्या क्षणी जॉन हॅवलिचेकने प्रतिपक्षाची फेक मध्येच हिरावून घेतली आणि बॉस्टनने ११० विरुद्ध १०९ असा विजय मिळविला. त्या क्षणी मोस्टने घोगऱ्या आवाजात केलेल्या आक्रोशाची पुढे ध्वनिमुद्रिका निघाली. ती घरोघर वाजली. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती मुद्रिका ऐकली त्यांची संख्या अनेक पटींनी अधिक असणार, आणि काही वर्षांनी या दोहोंतील फरक खुद्द त्यांनाही सांगता आला नसता. मोस्टच्या वर्णनात सेल्टिक्स सदैव सज्जन आणि प्रतिपक्ष सदैव दुष्ट असे. ही रसदृष्टी महाकाव्याची होय, इतिहासाची नव्हे. पहिल्या पिढीच्या स्मृतीवर तिचा ठसा सभागृहातील प्रत्यक्ष दर्शनाइतकाच खोल आहे.

रसेलच्या काळाची थोरवी सिद्ध केली ती वस्तुतः नंतरच्यांनी. बिल सिमन्स या लेखकाचा ‘द बुक ऑफ बास्केटबॉल’ हा २००९ मधील ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचा आरंभच चार डॉलरच्या एका तिकिटापासून होतो. लेखकाच्या वडिलांनी १९७३ मध्ये संपूर्ण हंगामाचे तिकीट घेतले आणि त्या तिकिटाच्या आधारे मुलगा सभागृहात वाढला. ग्रंथ विस्ताराने पसरट, विनोद अनेकदा उथळ, आणि क्रमवारी लावण्याचा सोस असह्य. परंतु पाठीराख्याची अभिरुची घराण्यातून कशी उतरते याचे इतके प्रांजळ दर्शन दुसरीकडे क्वचितच मिळेल. या ग्रंथात विल्ट चेंबरलेनच्या तुलनेत रसेल श्रेष्ठ होता हे सिद्ध करण्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलेले आहे. आणि सिमन्सचा जन्म १९६९ चा, म्हणजे रसेलच्या निवृत्तीच्या वर्षाचा. ज्याने रसेलला खेळताना एकदाही पाहिले नाही, तो त्याचा सर्वांत आवेशी वकील झाला. परंपरा ही पुष्कळदा मागून पुढे येत नाही, पुढून मागे जाते, हे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला नवीन नाही.

१९७४ व १९७६ या दोन विजेतेपदांना पिढ्यांच्या प्रचलित मांडणीत स्थान नाही, हे मात्र सूचक आहे. १९७४ च्या मे महिन्यात संघ जिंकला; पुढच्याच महिन्यात न्यायाधीश गॅरिटी यांनी शहरातील शाळांमधील वर्णभेद मोडण्याचा निर्णय दिला; सप्टेंबरात साउथ बॉस्टनच्या शाळेकडे कृष्णवर्णीय मुलांना घेऊन जाणाऱ्या बसगाड्यांवर दगड पडले. या दोन-तीन वर्षांच्या आठवणी शहराला नकोशा आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्या काळचा संघही काहीसा विस्मृतीत गेला असावा. १९७६ च्या अंतिम मालिकेत फीनिक्सविरुद्ध तीन जादा डावांपर्यंत लांबलेला सामना या खेळातील अत्युत्तम सामन्यांत गणला जातो. तरीही त्या काळच्या तरुणांना कोणी ‘पिढी’ म्हणत नाही.

१९७९ मध्ये लॅरी बर्ड आला. इंडियाना राज्यातील एका लहानशा गावचा, श्वेतवर्णीय, बोलण्यात ओबडधोबड आणि खेळात अत्यंत सूक्ष्म. त्याच वर्षी रसेलचे ‘सेकंड विंड’ हे दुसरे आत्मपर पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यात बॉस्टनमधील वर्णद्वेषाची त्याने कठोर शब्दांत संभावना केली. शहराने पुस्तकापेक्षा बर्डकडे लक्ष दिले. १९८० च्या डिसेंबरपासून सामन्यांची सर्व तिकिटे संपू लागली, आणि हा क्रम १९९५ मध्ये जुने सभागृह बंद होईपर्यंत टिकला. १९८१, १९८४ व १९८६ या वर्षी विजेतेपदे मिळाली; १९८५-८६ च्या हंगामात स्वगृही खेळलेल्या ४१ साखळी सामन्यांपैकी ४० संघाने जिंकले.

दुसऱ्या पिढीचा हा सुवर्णकाळ. तिची अभिरुची निःसंशय सूक्ष्म होती. न पाहता दिलेला चेंडू, चेंडूविना केलेली हालचाल, सहकाऱ्यासाठी मोकळी केलेली जागा यांना दाद देणारा प्रेक्षक सोपा नव्हे. परंतु १९८५-८६ च्या संघातील १२ पैकी आठ खेळाडू श्वेतवर्णीय होते, आणि स्पर्धेतील बहुसंख्य खेळाडू तोवर कृष्णवर्णीय झाले होते, ही वस्तुस्थिती बाजूला ठेवून भरलेल्या सभागृहाचा अर्थ लावता येत नाही. रसेलच्या अकरा पताकांखाली जी आसने रिकामी राहिली ती बर्डच्या तीन पताकांखाली भरली. येथे अन्याय्य निष्कर्षही टाळला पाहिजे. १९८४ व १९८६ च्या विजयांचा प्रशिक्षक के. सी. जोन्स हा रसेलचा कृष्णवर्णीय सहकारीच होता. ज्या रेड आवरबाक याने १९६४ मध्ये पाच कृष्णवर्णीय उतरविले, त्याच्याच हातांनी हा संघही बांधला. आणि बर्ड हा १९८४, १९८५ व १९८६ असा सलग तीन वर्षे स्पर्धेतील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला, ते कोणाच्या मेहरबानीने नव्हे. दोष असला तर तो खेळणाऱ्यांत शोधण्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत शोधावा.

मानहाइमच्या ‘पिढीतील घटक’ या कल्पनेची सार्थकता येथे प्रत्ययास येते. साउथ बॉस्टनमधील आयरिश वंशाचा मुलगा आणि रॉक्सबरीतील कृष्णवर्णीय मुलगा हे समवयस्क, एकाच शहराचे, एकाच खेळाचे वेडे. परंतु १९८४ व १९८७ मध्ये सेल्टिक्सचा सामना लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाशी झाला तेव्हा रॉक्सबरीतील अनेक जण मॅजिक जॉन्सनच्या, म्हणजे लेकर्सच्या, बाजूचे होते. या वैरावर २०१७ मध्ये निघालेल्या माहितीपटाने ही बाब नीट नोंदविली आहे. स्पाइक ली याच्या ‘डू द राइट थिंग’ या १९८९ च्या चित्रपटातील एक छोटा प्रसंग तर या संदर्भात एखाद्या प्रबंधाचे काम करतो. ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्तीत घर घेतलेला एक श्वेतवर्णीय मनुष्य एका रहिवाशाच्या नव्या पांढऱ्या बुटांवर सायकल घालून डाग पाडतो; त्या मनुष्याच्या अंगात बर्डच्या क्रमांकाची हिरवी-पांढरी बंडी आहे. संवादात तिच्याविषयी काही स्पष्टीकरण नाही. प्रेक्षकाला ते लागतही नाही. बॉस्टनमधील दुसऱ्या पिढीने जी बंडी निष्ठेचे चिन्ह म्हणून घातली, तीच शेजारच्या शहरात अतिक्रमणाचे चिन्ह झाली होती.

वृद्ध विरुद्ध तरुण या मांडणीत रॉक्सबरीतल्या या मुलाला जागा नाही. पिढ्यांच्या भेदावर होणारी चर्चा रंगत जाते ती बहुधा अशा कोणाला तरी वगळूनच.

बर्डच्या पिढीनंतर एक पिढी अशी आली की तिच्या वाट्याला केवळ गोष्टी आल्या. १९८६ च्या जूनमध्ये संघाने लेन बायस या तरुण खेळाडूची निवड केली आणि दोनच दिवसांनी तो मरण पावला. १९९३ मध्ये संघनायक रेजी लुइस गेला. १९९६-९७ च्या हंगामात संघ ८२ पैकी ६७ सामने हरला. १ मार्च २००० रोजी टोरोंटोविरुद्ध अखेरच्या क्षणी पराभव झाल्यावर प्रशिक्षक रिक पिटिनो याने पत्रकारांपुढे चिडून सांगितले की बर्ड, मॅकहेल व पॅरिश काही आता या दारातून आत येणार नाहीत, आणि आलेच तरी ते म्हातारे व पिकल्या केसांचे असतील. हे उद्गार बॉस्टनमध्ये आजही उपहासाने आठवले जातात. वास्तविक पिटिनोचे म्हणणे अक्षरशः खरे होते. प्रशिक्षक म्हणून तो अपयशी ठरला, परंतु प्रेक्षकांच्या स्मृतीविषयी त्याचे निदान अचूक होते : समोरच्या तरुण खेळाडूंना सभागृह पाहतच नव्हते, ते त्यांच्या आरपार १९८६ कडे पाहत होते. दुसऱ्या पिढीने तिसरीवर केलेला हा अन्याय पहिलीने रसेलवर केलेल्या अन्यायाइतका गंभीर नसला, तरी त्याच जातीचा आहे.

आणि तरी परंपरेचे वहन झाले. तेही पुष्कळसे एका माणसाच्या तोंडून. टॉम हाइन्सन हा रसेलबरोबर १९५६ मध्ये आलेला खेळाडू. १९७४ व १९७६ च्या विजयांचा प्रशिक्षक. आणि १९८१ पासून २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरचा समालोचक. त्याचा पक्षपात प्रसिद्ध होता. पंचांवर त्याचा रोष कायमचा. परंतु जमिनीवर झेप घेऊन चेंडू अडविणाऱ्या, गुणांच्या तक्त्यावर ज्यांचे नाव येत नाही अशा खेळाडूंना तो स्वतःच्या नावाचे ‘गुण’ बहाल करी, आणि १९९० नंतर जन्मलेली मुले ते मोजीत बसत. पहिल्या पिढीचा मूल्यविचार तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचला तो असा, मौखिक मार्गाने. ग्रंथांनी वा पताकांनी नव्हे. २००८ मध्ये संघाने लेकर्सना अखेरच्या सामन्यात १३१ विरुद्ध ९२ असे नमवून २२ वर्षांनी विजेतेपद मिळविले, तेव्हा या मुलांना प्रथमच ऐकीव नसलेली एक पताका मिळाली.

आजचा कलह तीन गुणांच्या फेकीविषयी आहे. ठरावीक रेषेच्या बाहेरून केलेल्या यशस्वी फेकीला दोनऐवजी तीन गुण देण्याचा नियम या स्पर्धेत १९७९ मध्ये आला. २०२३-२४ च्या विजेत्या सेल्टिक्स संघाने अशा फेकी दर सामन्यास सरासरीने ४२ हून अधिक केल्या. ५ मे २०२५ रोजी न्यूयॉर्कविरुद्ध २० गुणांची आघाडी घेतल्यावरही संघ दुरून फेकीतच राहिला. ६० पैकी ४५ फेकी वाया गेल्या आणि सामना जादा डावात १०५ विरुद्ध १०८ असा गमावला. वृद्धांच्या मते हे कलेचे अधःपतन. तरुणांच्या मते ६० फेकी योग्यच होत्या, त्या दिवशी नेम चुकला इतकेच. तरुणांचा युक्तिवाद गणिताच्या दृष्टीने सबळ आहे. वृद्धांचा सौंदर्याच्या दृष्टीने सबळ आहे, कारण एकाच प्रकारच्या कृतीची पुनरावृत्ती, ती कितीही लाभदायक असली तरी, नाट्य मंदावते. परंतु आपला आक्षेप परंपरेच्या नावाने मांडताना ते एक गोष्ट विसरतात. या स्पर्धेतील तीन गुणांची पहिली फेक १२ ऑक्टोबर १९७९ रोजी बॉस्टन गार्डनमध्येच, सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्ड याने केली असे मानले जाते. आणि तोच बर्डचा पहिला सामना. बर्ड पुढे या फेकीचा मान्यवर कलावंत ठरला. त्याने १९८५-८६ च्या साऱ्या हंगामात अशा १९४ फेकी केल्या. २०२४ चा संघ पाच सामन्यांत त्याहून अधिक करीत असे. अपूर्वाईमुळे जी कृती कला वाटली तीच विपुलतेमुळे रीत झाली. वाङ्मयप्रकारांच्या इतिहासातही हेच घडत आले आहे.

उलट, तरुणांच्या आकडेनिष्ठेची मर्यादा रसेलपाशीच उघडी पडते. त्याची सरासरी दर सामन्यास १५.१ गुणांची. आजच्या मापाने ती सामान्य होय. त्याची खरी कला प्रतिपक्षाची फेक हवेत अडविण्याची, आणि अडविलेला चेंडू बाहेर न भिरकावता सहकाऱ्याच्या हाती पडेल अशा बेताने वळविण्याची होती. परंतु अशा अडविलेल्या फेकींची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. रसेल त्यापूर्वी चार वर्षे निवृत्त झालेला. ज्या गुणासाठी तो अद्वितीय होता त्या गुणाचा एकही आकडा उपलब्ध नाही. त्या काळच्या सामन्यांचे संपूर्ण चित्रणही थोडेच उरले आहे. तेव्हा रसेलला जाणण्यासाठी तरुण पाठीराख्याला साक्षीदारांच्या शब्दांवर विसंबावे लागते, आणि साक्षीदार, वर पाहिल्याप्रमाणे, पुष्कळदा सभागृहात हजर नव्हते.

रसेलचा सन्मान २६ मे १९९९ रोजी दुसऱ्यांदा झाला, या वेळी प्रेक्षकांसमोर, भरलेल्या सभागृहात. २०१३ मध्ये नगरगृहाच्या चौकात त्याचा पुतळा उभा राहिला. २०२२ च्या जुलैत तो निवर्तला आणि पुढच्या महिन्यात त्याचा क्रमांक साऱ्या स्पर्धेतूनच निवृत्त करण्यात आला. १९९९ च्या त्या रात्री उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्यांत दुसऱ्या पिढीचा भरणा अधिक होता असे मानणे वावगे होणार नाही. त्या टाळ्यांत पश्चात्ताप किती आणि उत्सवप्रियता किती हे वेगळे काढता येणार नाही. तरी २७ वर्षांपूर्वी बंद ठेवलेली दारे त्या वृद्ध खेळाडूने उघडू दिली, हे महत्त्वाचे आहे.

अनुभवाचा तळाचा थर कायमचा असतो, या मानहाइमच्या मताला याच इतिहासातून एक अपवाद मिळतो. तो प्रेक्षकांकडून नव्हे, खेळाडूकडून मिळतो. गॅरी पोमरांट्झ याच्या ‘द लास्ट पास’ या २०१८ मधील ग्रंथात वृद्ध कूझीच्या मनःस्थितीचा शोध घेतला आहे. ग्रंथाची शैली कोठे कोठे भावविवश होते. परंतु विषयाचे गांभीर्य लेखकाने सुटू दिलेले नाही. ज्याच्या निरोपाला सारे शहर रडले तो कूझी, रसेल ज्या अवहेलनेतून जात होता तिच्या विरुद्ध आपण पुरेसे उभे राहिलो नाही या बोचणीने उतारवयात अस्वस्थ झाला. २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्याने रसेलला एक पत्र लिहिले आणि त्यासोबत टा-नहासी कोट्स या कृष्णवर्णीय लेखकाचे ‘बिट्वीन द वर्ल्ड अँड मी’ हे पुस्तक पाठविले. कोट्सचा जन्म १९७५ चा. कूझी शेवटचे विजेतेपद जिंकून गेला त्याला तेव्हा बारा वर्षे उलटली होती. आपल्या समवयस्क सहकाऱ्याशी बोलण्यासाठी कूझीला शब्द घ्यावे लागले ते त्याहून पुढच्या पिढीच्या लेखकाकडून.